बोटावरची मखमल

ब्रह्मपुरी, ४ सप्टेंबर २००३

आशाबाई,

नमस्कार घालावा की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवतो. तुम्ही आपली नाटक कंपनी सोडून पोंभुर्ण्याला भावाकडे गेलात, त्याला वर्ष उलटून गेलं. जाताना "आता पुरे" एवढंच बोललात. इतकी वर्षं तुम्ही राणी आणि मी राजा. साऱ्या झाडीपट्टीने आपल्याला एका पोस्टरवर पाहिलं, आणि निरोप मात्र दोन शब्दांचा. लोक म्हणतात, तुमची वडशाच्या दुसऱ्या कंपनीशी बोलणी चालली आहेत. मी लोकांचं ऐकत नाही. पण ते खोटं आहे असंही तुम्ही कळवलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं आहे.

पत्राचं कारण निराळं आहे. आपल्या कंपनीचे अंगरखे शिवणारे इब्राहीम मास्टर, त्यांचा मुलगा शहबाज तुम्ही इथे असतानाच नागपुराहून मनाचा डॉक्टर होऊन आला आणि इथे बाजाराच्या रस्त्यावर दवाखाना टाकून बसला. तो कुठलीशी एक पेटी घेऊन माझ्या मागे लागला आहे. त्यात तुमचा हात आहे का, एवढं सरळ सांगा.

मला काहीही झालेलं नाही. गेल्या हंगामात एका प्रयोगात, निरोपाच्या गाण्यात, माझं कडवं आलं आणि छाती अशी धडधडायला लागली की शब्दच पळाले. प्रॉम्प्टरचा घसा बसला. लोकांना वाटलं राजा रडतो आहे, म्हणून टाळ्या पडल्या. एकदाच झालं ते. बरं, त्यानंतरही झालं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरने छातीचा कागद काढला आणि म्हणाला, "हृदय तर बैलासारखं आहे." मालकांनी मात्र पोळा होताच मला सांगून टाकलं की दिवाळीनंतरच्या पहिल्या मंडईच्या जत्रेत मी नीट उभा राहिलो तर राजा मी, नाहीतर राजा दुसरा. मला राजा सोडून काही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आता ऐका. मी शहबाजकडे गेलो नव्हतो. रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "हरिदासभाऊ, छाती निरोपाच्या गान्यातच धडधडते ना?" हे त्याला कसं कळलं? माझी बायको त्याच्याशी बोलत नाही. मालक बोलणार नाहीत, त्यांची तिकिटं पडून राहतील. त्या गाण्यात काय होतं हे स्टेजवर उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

उत्तराची वाट पाहतो.

हरिदास


ब्रह्मपुरी, १५ सप्टेंबर २००३

आशाबाई,

उत्तर नाही. हरकत नाही. मग म्हटलं, आपणच जाऊन बघावं काय कारस्थान आहे ते.

दवाखान्यात ना सुई, ना बाटली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि ट्रान्झिस्टरएवढी काळी पेटी. पेटीतून दोन वायरी निघतात, त्यांच्या टोकाला कापडी पट्ट्या. त्या दोन बोटांना बांधल्या की पेटी कूं करायला लागते. माणूस घाबरला की आवाज चढतो, निवला की उतरतो. मी बोटं मागे घेतली.

"हे खोटं पकडाचं यंत्र व्हय ना?" मी विचारलं. "गडचिरोलीले पोलिसायजवळ असते म्हनतात, तसं?"

"त्याची चुलत बहीन समजा," शहबाज हसून म्हणाला. "पन हिले खरं-खोटं काई समजत नाई, भाऊ. बोटाले किती घाम सुटून राह्यला, तेवढंच समजते. जीव घाबरला का बोटं वली होतात, आपल्याले पत्ताच नसते. ही ते ऐकवते. ऐकू आलं का मंग हळूहळू आवरता येते. बंदुकीचा नेम धरनारे, धावनारे खेळाडू, सारेच शिकतात हिच्यावर."

"औषध कोनतं देशीन?"

"काईच नाई. तुमी रंग लावताना आरशात पाह्यता, तसं ऐकाचं."

औषध न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. अशा माणसावर लक्ष ठेवलेलं बरं. पण मीही नट आहे. म्हटलं, पेटीला शांत माणूस पाहिजे ना, दाखवतो. पाठ ताठ केली, डोळे अर्धे मिटले, ओठांवर ते ऋषीचं हसू आणलं. त्या हसण्याला मूल गावच्या प्रयोगात बाया पदर पसरून पाया पडल्या होत्या, तुम्ही विंगेतून पाहिलं आहे.

पेटी इतकी किंचाळली की बाहेरच्या पानठेल्यावरचे लोक दारात येऊन उभे राहिले.

शहबाज म्हणाला, "भाऊ, तुमी शांत होऊन नाई राह्यले. शांत मानसाचा पार्ट करून राह्यले."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मैदानभर लोकांना रडवणारा मी, आणि या डबड्याला फसवू शकत नाही? मी उठलोच होतो. पण त्याने पेटी पिशवीत घातली आणि घरी न्यायला दिली. रोज थोडा वेळ बसा म्हणाला. एवढी महागाची वस्तू कुणी अशी फुकट देतं का? तिच्या पोटात टेप असेल म्हणून मी ती कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही.

घरी यमुनेने ती हौसेने बोटांना बांधली आणि दुसऱ्या हाताने तांदूळ निवडत मला बोल लावत बसली. पेटी थोडी गुरगुरली आणि झोपी गेली. मी म्हटलं, भांडतानाही तुझी पेटी चढत नाही? तर म्हणते, "तुमच्यासंगं इतके वर्स काढल्यावर आता कायले भेऊ?"

मी बसलो की पेटी केकाटते. आवरायला जावं तर जास्तच. तुम्हाला हसू येत असेल. हसा.

हरिदास


ब्रह्मपुरी, २७ सप्टेंबर २००३

आशाबाई,

आता तुम्ही पकडल्या गेलात.

पेटीच्या दोन पट्ट्या आहेत. दवाखान्यात दोन्ही काळ्या दिसल्या होत्या. काल अंगणात उन्हात बसलो तेव्हा पाहिलं, एक काळी आहे आणि दुसरी गर्द लाल. मखमल. तिच्या कडेला सोनेरी दोऱ्याचा टाका, गव्हाच्या दाण्यासारखा. तो टाका इब्राहीम मास्टर फक्त राणीच्या शेल्याला घालतात. त्या शेल्यासमोर मी किती हंगाम उभा राहिलो आहे. माझ्या बायकोच्या लुगड्याचे काठ मला सांगता यायचे नाहीत, पण हा टाका अंधारात चाचपून ओळखीन.

तुमच्या शेवटच्या हंगामात शेल्याचं एक टोक कापून शिवलेलं होतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, उंदराने खाल्लं. उंदीर डॉक्टरकडे जातात हे मला ठाऊक नव्हतं.

मी पट्टी मुठीत धरून थेट मास्टरच्या दुकानात गेलो. ते तोंडात सुई धरून काज करत होते.

"मास्टर, ये क्या है?"

त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली, सुई काढून बाहीला टोचली. "पट्टी टुटली होती. मी शिवली."

"कोनासाठी?"

"देखो हरिदासभाऊ, मी राजाचे कपडे शिवतो आन रानीचेबी शिवतो. तुमच्या पोटाचं माप कधी रानीले सांगितलं का मी? मंग रानीचं माप तुमाले कायले सांगू?"

शहबाजला विचारलं तर तो म्हणे, दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यात. बापलेक दोघेही एकाच कापडाचे.

तर माझ्या आधी त्या खुर्चीवर तुम्ही बसल्या होतात. गाण्यात माझी छाती धडधडते हे तुम्हीच त्या पोराला सांगितलं असणार. मी खचलो, ही बातमी पोंभुर्ण्यात बसून तुमच्या कानावर गेली, आणि तिथून वडशाच्या कंपनीत कुठपर्यंत गेली, ते देव जाणे. मी पेटी भिंतीवर आपटली नाही ती एवढ्यासाठीच, की ती माझी नाही.

हे लिहिताना पट्ट्या डाव्या हाताला आहेत. तुमचं नाव लिहिलं की पेटी चढते. आशाबाई. ऐका, चढली.

हरिदास


ब्रह्मपुरी, ९ ऑक्टोबर २००३

आशाबाई,

मागच्या पत्राला तुम्ही उत्तर द्यावं असं काही त्यात नव्हतं, हे मला मान्य आहे. या पत्राला द्या.

परवा दुपारी जेवून ओट्यावर बसलो होतो. पेटी बोटांना, आणि तोंडातल्या तोंडात निरोपाचं गाणं. माझं कडवं घेतलं की ती चढायची. मग सवयीने तुमचं कडवं मनातल्या मनात आलं. मी ते गात नाही, नुसतं ऐकतो, स्टेजवर ऐकायचो तसं. पेटी उतरत उतरत गप्प झाली. मला वाटलं सेल संपले. यमुनेच्या टॉर्चमधले काढून घातले. पुन्हा माझं कडवं घेतलं, चढली. पुन्हा तुमचं आणलं, निजली.

मी तसाच दवाखान्यात गेलो आणि म्हटलं, तुझी पेटी बाईमाणसाच्या बाजूची आहे.

शहबाजने विचारलं, "आशाबाई गायच्या तवा तुमी काय करत होते?"

"काई नाई. उभा राहत होतो."

"आन श्वास?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याने मला ते कडवं पुन्हा मनात घ्यायला लावलं आणि माझ्या छातीकडे बघत बसला. तुमची ती शेवटची ओळ, जी तुम्ही लांबवत लांबवत नेता, तिच्यासोबत मी श्वास सोडत होतो. तुमचा सूर संपेपर्यंत माझा श्वास संपत नव्हता.

"श्वास असा लांब सोडला का छाती मंद होते," तो म्हणाला. "हेच मी तुमाले पेटीवर शिकवून राह्यलो. तुमी तर इतके वर्स स्टेजवर तेच करत होते, तुमालेच मालूम नाई."

तर असं आहे. गेल्या हंगामात जी राणी आली तिने ते कडवं अर्ध्यावर तोडलं, लोकांना नाच पाहिजे म्हणून. माझ्या श्वासाला जागाच उरली नाही. मी नागपूरला छातीचे कागद काढत फिरलो, आणि छातीचं दुखणं होतं तुमचं कडवं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुम्ही गेलात आणि मला गाता येईना, हे इतकं सरळ आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. मी शहबाजला सहज विचारलं की घाबरल्यावर साऱ्यांच्याच बोटांना घाम सुटतो का. तो म्हणाला, "काई जनाचे हात बर्फावानी थंडे पडतात. रक्त बोटातून मांगं सरते." आणि एवढं बोलून तो एकदम कागद चाळायला लागला, जास्त बोलून गेल्यासारखा.

मी घरी येऊन बसलो आणि मला एकेक आठवायला लागलं. शेवटच्या हंगामात रंग लावून झाला की तुम्ही चहाच्या किटलीला दोन्ही हात लावून बसायच्या. मी म्हणायचो, राणीसाहेबांना थंडी फार. त्याच हंगामात, मंडईच्या पहिल्या प्रयोगात, निरोपाच्या प्रवेशात मी तुमचा हात धरला तर तो थंडगार. मेलेल्या माणसाचा असतो तसा. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तुम्ही हसत होतात. मला वाटलं, राग आहे. पोस्टरवर माझं नाव वर गेलं होतं, त्याचा असेल. नाहीतर माझा हातच तुम्हाला नकोसा झाला असेल. मग मी दुसऱ्या प्रयोगापासून हात धरणंच सोडलं. नुसतं शेल्याचं टोक धरायचो. लोकांच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असेल.

तुम्ही घाबरत होतात का? सगळ्यांना हसवणाऱ्या, नव्या पोरींना विंगेतून ढकलून स्टेजवर पाठवणाऱ्या तुम्ही? तसं असेल तर माझ्यापेक्षा मोठ्या नट तुम्ही. मी तोंडासमोर उभा होतो आणि मला पत्ता लागला नाही.

हो की नाही, एवढंच कळवा. कोरं कार्ड आलं तरी मी ते हो समजेन.

हरिदास


ब्रह्मपुरी, २० ऑक्टोबर २००३

आशाबाई,

कोरं कार्डही आलं नाही.

शहबाजने पेटी परत घेतली. दिवाळी तोंडावर, मंडई त्याच्या मागोमाग, आणि हा पोरगा पेटी कपाटात ठेवून कुलूप लावतो. म्हणे, "आता तुमाले आतून ऐकू येते. पेटी घेऊन राजा स्टेजवर जाते का?" मला हे त्याच्या बापाचं आणि मालकाचं ठरलेलं वाटतं. मी पडावं आणि राजाचा अंगरखा दुसऱ्याच्या मापाने शिवायला घ्यावा. मास्टरच्या दुकानासमोरून जाताना मी आत डोकावतो, कुणाचं माप चाललं आहे ते बघायला.

यंदाची राणी मोनाली नावाची. नागपूरची. पोरगी गाते बरी, पण मगरूर. तालमीत कुणाशी बोलत नाही, कोपऱ्यात कानात वायरी घालून टेप ऐकते. निरोपाच्या प्रवेशात माझा हात लागला न लागला की काढून घेते. तिला कुणीतरी सांगितलं असणार की हा म्हातारा मध्येच अडकतो, याच्यापासून लांब रहा. एक गोष्ट मात्र मी मालकांशी भांडून करून घेतली. राणीचं कडवं पूर्ण राहील, शेवटच्या ओळीसकट.

तुमचा भाऊ मूलच्या बाजारात यमुनेला भेटला होता. तिने त्याला विचारलं, आशाबाई कोणत्या कंपनीत आहेत. तो म्हणाला, "कंपनी? बाई तर भावजईसंगं धान कापून राह्यली." मी दुकानाच्या मागे उभा होतो, त्याने मला पाहिलं नाही. तर वडशाची गोष्ट खोटी. मी ती खरी धरून होतो, हे तुम्हाला माझ्या पत्रांतून कळलंच असेल.

हरिदास


ब्रह्मपुरी, १ नोव्हेंबर २००३

आशाबाई,

मंडई झाली. काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आल्या आल्या लिहितो आहे.

मैदान भरलेलं होतं. पाळण्यांचे आवाज, कोंबड्यांच्या झुंजी लागतात त्या कोंबडबाजारातून उठून आलेले लोक, पुढे सतरंज्यांवर बाया. पहिले तीन अंक निघाले. मी आतून कान लावून होतो आणि पेटीचा तो कूं मला नुसत्या सवयीने ऐकू येत होता. निरोपाचा प्रवेश आला तसा तो चढायला लागला. विंगेत इब्राहीम मास्टर सुईदोरा घेऊन उभे होते. मला वाटलं, दुसऱ्या राजाला टाके घालायलाच आले आहेत.

मी मोनालीचा हात धरला.

थंडगार, आशाबाई. तुमच्यासारखाच.

चेहऱ्यावर रंग, ओठांवर हसू, डोळ्यांत रुबाब, आणि हाताचा बर्फ. ती मगरूर नव्हती. तालमीत ती हात काढून घ्यायची ते मला कळू नये म्हणून. आताही तिने ओढला. मी सोडला नाही. आर्गनवाल्याने तिची ओळ दिली, तिने ती उचलली नाही. दुसऱ्यांदा दिली, तरी नाही. पुढे बसलेल्या बायांत कुजबुज झाली.

नटाने लोकांकडे पाठ करू नये, हे तुम्हीच नव्या पोरींना सांगायच्या. मी केली. तिच्यासमोर उभा राहिलो, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला ऐकू जाईल असा लांब श्वास सोडला. तुमच्या शेवटच्या ओळीएवढा. तिने डोळे वर केले. मी पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी तिनेही सोडला. त्या पोरीच्या बोटाला पट्टी नव्हती, म्हणून तिची पेटी मी झालो.

मग ती गायली. पूर्ण कडवं. शेवटच्या ओळीला तिचा हात माझ्या हातात कोमट झाला होता. मी तिच्या सुरासोबत श्वास सोडत गेलो आणि माझं कडवं आलं. छाती धडधडली. धडधडू दिली. शब्द एकही पळाला नाही. वन्स मोअर आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो घेतला नाही. तेवढ्यातच मन भरलं होतं.

प्रवेश संपल्यावर विंगेत मास्टर माझ्या खांद्याचा उसवलेला टाका घालत म्हणाले, "अंगरखा तुमच्याच मापाचा आहे भाऊ, काऊन संशय करता?" त्यांना माझं दुकानात डोकावणं दिसत होतं म्हणायचं.

मोनाली रंग पुसताना माझ्याजवळ आली. "काका, तुमाले कसं समजलं?" मी तिला सांगितलं की माझ्यासमोर एक बाई होती, तिचा हात असाच होता. "मंग तिले पन तुमी असंच केलं का?" तिने विचारलं. मी आरशाकडे तोंड करून मिशा काढत बसलो.

नाही केलं, आशाबाई. मी तुमचा हात सोडला आणि शेला धरला. तुम्ही एकट्या दवाखान्यात गेलात, मला कळू नये म्हणून शेल्याचं टोक कापलंत आणि उंदराच्या माथी मारलंत. आणि मला वाटत राहिलं की तुम्ही मला सोडून गेलात. शहबाजला माझ्या धडधडीबद्दल तुम्ही चुगली म्हणून सांगितलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर माझं काय होईल, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं, एवढंच.

नमस्कार घालायचा की नाही ते ठरलं. नमस्कार घालतो.

पुढचा प्रयोग सिंदेवाहीला आहे, येत्या शनिवारी. पोंभुर्ण्याहून सकाळची बस धरा, मूलला बदला. यमुना म्हणते, तुमच्यासाठी झुणका करून आणते, तुम्ही नाही आलात तर मलाही तो मिळणार नाही. रंग लावू नका, गाऊ नका, लोकांना दिसूही नका. विंगेत खुर्ची टाकून ठेवतो. निरोपाच्या प्रवेशाआधी मी तिथे येऊन उभा राहीन.

हात थंड असले तर तसेच घेऊन या. मी धरीन.

हरिदास